अस्वल डोळे उघडतं तेव्हा

रेइनो कॅलिओने सतरा उन्हाळ्यांत एकाही पोरीला 'चेंडू असा थांबव' म्हणून सांगितलं नव्हतं. सांगून काही डोक्यात शिरत नाही, या कानाने ऐकतात नि त्या कानाने सोडतात, असं त्याचं ठाम मत. तो खेळ रचायचा. कॅनडातल्या थंडर बेच्या त्या मैदानावर सरोवरावरचा वारा मे महिन्यातही कानशिलं फोडायचा, आणि त्या वाऱ्यात सात-आठ वर्षांच्या डझनभर पोरी कधी मासे व्हायच्या, कधी मधमाश्या, कधी पोलिसांना चुकवणारे चोर. घरी जाताना त्यांच्या पायांना असं काहीतरी यायला लागलेलं असे, जे येताना येत नव्हतं. कुणी शिकवलं विचारा, तर म्हणायच्या, "कुणी नाही. आम्ही तर नुसतं खेळत होतो." हे ऐकलं की रेइनोला त्या रात्रीचं जेवण गोड लागायचं.

क्लबचा सचिव गॉर्ड याला मात्र हे बघवत नसे. त्याची मुलगी ओडेट याच संघात होती. गॉर्ड ट्रकमध्ये हीटर लावून बसायचा आणि काच चार बोटं खाली करून ओरडायचा, "रेइनो, फुटबॉल शिकवतोयस की बालवाडी चालवतोयस? जरा रांगेत उभ्या कर की त्यांना!"

बाकीचे आईबापही गाड्यांतच बसत. आमच्याकडे मेमध्ये उघड्यावर बसेल तो खुळा. थंडी हाडात शिरते, आणि थंडी नसली तर काळ्या माश्या चावून कान सुजवतात. म्हणून सगळ्या गाड्या मैदानाच्या रेषेला नाक लावून उभ्या, आणि गोल झाला की टाळ्यांऐवजी हॉर्न. हीच इथली रीत. ज्याच्या पोरीने गोल केला त्याने सगळ्यांत लांब दाबायचा, बस.

पोरींचा लाडका खेळ अस्वलाचा. रेइनो मैदानाच्या मधोमध गवतावर आडवा व्हायचा. भोवती प्लास्टिकच्या निळ्या बशा पसरलेल्या, त्या ब्लूबेरी. पायाने चेंडू ढकलत यायचं, बेरी उचलायची, पळवायची. अस्वल झोपलंय तोवर सगळं माफ. पण अस्वलाने कूस बदलून डोळे उघडले की असाल तिथे थांबायचं. तळपाय चेंडूवर, मान वर आणि अस्वलाच्या डोळ्यांत डोळे. हललात, हसलात, खाली बघितलंत, की अस्वलाने खाल्लं, व्हा बाहेर. अस्वलाने आधी नजर फिरवली तर तुम्ही जिंकलात. यात डोंबलाचं शिक्षण, असं गॉर्डला वाटायचं. पण हिवाळाभर शाळेच्या जिममध्ये हा खेळ खेळून त्या पोरी पळता पळता चेंडू जागच्या जागी थांबवायला लागल्या होत्या, तेही खाली न बघता. मोठ्यामोठ्यांना जमत नाही ते.

सेन्या त्यांच्यात सगळ्यांत लहान, आणि सगळ्यांत आधी खाल्ली जाणारी. तिच्या नाकाला खाज यायची, बुटाची नाडी सुटायची, काही नाही तर हसू फुटायचं. "अहाहा, सेन्या, आज काय चव होती तुला!" असं अस्वल म्हणायचं, आणि ती खिदळत बाहेर जाऊन बसायची. घरी गेल्यावर मात्र आईला विचारायची, "मी एकदा पण का नाही जिंकत?"

मेच्या शेवटच्या मंगळवारी अस्वल आडवं झालं ते उठलंच नाही.

रेइनोने कूस बदलली, डोळे उघडले आणि गुरगुरायला गेला, तर घशातून काही निघेना. उजवा हात दुसऱ्या कुणाचा असल्यासारखा पोटाखाली अडकून पडला होता. शब्द डोक्यात होते, तोंडापर्यंत पोचत नव्हते. पोरी थांबल्या. तळपाय चेंडूवर, मान वर, डोळे त्याच्यावर. त्याने घडवलं होतं अगदी तश्शा. आणि त्याच्या समोर, दोन पावलांवर, सेन्या.

एक मिनिट गेलं. एक हलली, दुसरी हसली, आणि आपणहून बाहेर जाऊन बसल्या. त्या खेळात प्रामाणिकपणा फार. आणखी एक मिनिट गेलं. गाड्यांतल्या लोकांच्या लक्षात आलं की आज काहीतरी विक्रम होतोय. तेव्हा गॉर्डने, ज्याने वर्षभरात रेइनोला कधी बरं म्हटलं नव्हतं त्या गॉर्डने, पहिला हॉर्न वाजवला. मग दुसऱ्याने, मग सगळ्यांनीच. अकरा गाड्या पोरींच्या शिस्तीचं कौतुक करत बोंबलत होत्या, आणि मधोमध एक माणूस मेंदूत रक्ताची गाठ अडकून पडला होता.

शेवटी एकटी सेन्या उरली. सेन्या जिंकत होती. रेइनो तिच्याकडे बघत होता, कारण बघण्याखेरीज त्याच्या हाती काही राहिलंच नव्हतं. आणि त्याने सगळं पाहिलं. तिच्या डोळ्यांतलं हसू कधी विझलं ते पाहिलं. भीती कधी आली ते पाहिलं. तिचे ओठ थरथरले, ती काहीतरी म्हणणार होती. हॉर्न वाजतच होते, तिच्यासाठी, जन्मात पहिल्यांदा. ती हलली नाही.

आधीच बाद झालेली ओडेट बसून बसून कंटाळली होती. "कोच चीटिंग करतायत! किती वेळ ते!" असं भांडायला ती जवळ आली, त्याचं वाकडं झालेलं तोंड आणि गवतावर ओघळलेली लाळ बघितली, आणि अशी किंचाळली की सगळे हॉर्न एकदम बंद पडले.

रेइनो वाचला. जून-जुलै दवाखान्यात आणि चाकांच्या खुर्चीत गेले. मग तो उजवा पाय ओढत चालायला लागला, आणि शब्द एकेक करून परत आले, तेही लहान मुलाचे दात यावेत तसे, आगेमागे. त्या तीन-चार मिनिटांनी काही बिघडलं का, असं त्याने डॉक्टरांना कागदावर लिहून विचारलं होतं. "चार मिनिटांनी नाही," डॉक्टर म्हणाले, "चाळीस लागली असती तर मग बोललो असतो." आणि तेच त्यांनी त्याच्या प्रश्नाखाली लिहूनही दिलं. रेइनोने तो कागद जपून खिशात ठेवला. का, ते त्याने बायकोलाही सांगितलं नाही.

ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात सेन्याची आई क्रिस्टा जॅमची बाटली घेऊन भेटायला आली. स्वयंपाकघरात बसली, कॉफी घेतली, हवापाण्याचं बोलली, आणि मग एकदम रडायलाच लागली.

"कोच, तिने मेपासून चेंडूला पाय लावलेला नाही. नाही लावला तर नाही, त्याचं काही नाही. पण कुणी डोळ्यांत बघितलं की तिची मान खाली. शाळेच्या शेवटच्या आठवड्यात बाईंनी नुसती हाक मारली, तर वर्गाच्या मधोमध उभी राहिली ती उभीच. पंधरा मिनिटं! हलवून हलेना. सप्टेंबरात परत शाळा. अशी पोरगी मी कशी पाठवू?"

"तिच्याशी... बोललीस?" रेइनोने विचारलं.

"बोलून बोलून तोंड दुखलं. म्हटलं, बाळा, तुला कसं कळणार होतं गं? खेळच होता ना तो? मी सांगितलं, गॉर्डने घरी येऊन सांगितलं, समुपदेशक बाईंनी सांगितलं. कुणालाच कळलं नाही, मग तुला कसं कळणार! ती ऐकून घेते. आणि आणखी गप्प होते."

 रेइनो काय करणार? त्याला एकच गोष्ट यायची.

"मी येतो," तो म्हणाला. "उद्या."

दुसऱ्या दिवशी त्याच्या बायकोने, लोर्नाने, त्याला गाडीतून नेलं. त्याला अजून गाडी चालवायची परवानगी नव्हती, आणि लोर्नाची वाटभर टकळी चालू होती. "तुला धड 'मीठ दे' म्हणता येत नाही, आणि निघालेत साहेब पोरींना शिकवायला!" तो ऐकत होता आणि मनात खेळ रचत होता. खारीचा खेळ. तो झाड होणार, त्याची काठी फांदी. खारीने चेंडू झाडाच्या मुळाशी आणून लपवायचा. नजरेला नजर द्यायला नको, थांबायला नको, नुसती ये-जा. अगदी हळुवार खेळ होता. त्याला स्वतःलाच तो आवडला होता.

सेन्या मागच्या पायऱ्यांवर बसली होती. उंच झाली होती थोडी. रेइनो गवतात उभा राहिला, हात पसरले, आणि तोंडातल्या तोंडात घोळवत खारीचं सगळं सांगितलं. तिने बुटांकडे बघत ऐकून घेतलं.

"यात काय आहे?" तिने विचारलं.

"काय म्हणजे?"

"तुमच्या खेळात आत काहीतरी असतं. अस्वलाच्या खेळात चेंडू थांबवायचं होतं. चोरांच्या खेळात वळायचं होतं. ओडेटचे बाबा घरी आले होते, त्यांनी सगळं सांगितलं. यात काय लपवलंय?"

सतरा उन्हाळ्यांत त्याला असं कुणी रंगेहाथ पकडलं नव्हतं. तो झाड होऊन तसाच उभा राहिला.

"मला नाही खेळायचं," सेन्या म्हणाली. "तुमचा खेळ कुठे संपतो तेच कळत नाही." आणि ती उठून घरात गेली. जाळीचं दार तिच्यामागे आपटलं.

परतीच्या वाटेवर लोर्नाही गप्प होती, म्हणजे परिस्थिती खरंच वाईट होती. सिग्नलला गाडी थांबली तेव्हा रेइनो बोलला. "तिला कळलं होतं. मी पाहिलं. तिच्या डोळ्यांत. ओडेट यायच्या... खूप आधी. पण ती जिंकत होती. ती हलली नाही."

"आणि हे तू आज सांगतोयस?"

"सांगितलं असतं तर... पोरीवर बोट दाखवलं असतं लोकांनी."

"मग तिला सांग ना! लोकांना कशाला सांगायचं?"

"सात वर्षांची आहे ती, लोर्ना."

"ती सात वर्षांची पोर तेच रोज स्वतःला सांगत बसलीय, एकटी! आई म्हणते तुला कळलंच नाही. गॉर्ड म्हणतो तुला कळलंच नाही. तिला माहितेय सगळे चुकीचं बोलतायत, पण कुणाला सांगणार? आणि जो एकटा माणूस खरं जाणतो, तो तिच्या अंगणात जाऊन झाड होतोय!" सिग्नल हिरवा झाला होता. मागच्याने हॉर्न वाजवला, आणि रेइनो सीटवरच दचकला. लोर्नाने ते पाहिलं आणि गाडीची काच वर केली.

मंगळवारी सराव होता. जूनपासून गॉर्डच संघ सांभाळत होता. पोरी रांगेत उभ्या राहायच्या, आपली पाळी येईपर्यंत वेण्या घालायच्या. रेइनोने फोन करून क्रिस्टाला एवढंच सांगितलं की तिला घेऊन ये, मैदानात उतरली नाही तरी चालेल. क्रिस्टाची गाडी आली आणि रेषेला नाक लावून उभी राहिली. मागच्या सीटवर सेन्या, पट्टा लावलेला, नजर मांडीवर. रेइनोने क्रिस्टाला जरा पाय मोकळे करून ये म्हटलं, आणि पाय हाताने उचलून आत घेत तो पोरीच्या शेजारी बसला.

"आज खेळ नाही," तो म्हणाला. "आत काही लपवलेलं नाही. सरळ सांगतो. माझं तोंड... नीट चालत नाही. हळू ऐक."

ती पट्ट्याच्या कडेवरून बोट फिरवत राहिली.

"त्या दिवशी मी तुला बघत होतो. तुला कळलं होतं."

सेन्याचं बोट थांबलं. तिने मान हलवली नाही.

"सगळे म्हणतात कळलं नाही. मला माहितेय कळलं होतं. मी बघितलं."

 मैदानावरून गॉर्डची शिट्टी ऐकू आली. मग अगदी बारीक आवाजात, मांडीकडेच बघत, ती म्हणाली, "तुमचं तोंड घसरत होतं."

"हं."

"मी ओरडणार होते. पण ओरडले असते तर बाद झाले असते." आणि मग जे तीन महिने कोंडलं होतं ते फुटलं. ती हुंदके देत बोलत होती, निम्मं कळत होतं, निम्मं नाही. "सगळे हॉर्न वाजवत होते... मम्मी पण वाजवत होती... मला वाटलं अजून थोडं... तुम्ही मेला असतात!"

रेइनोला स्वतःला रडू येत होतं. झटक्यानंतर ते तसंही लवकर यायचं, आणि त्याने अडवलं नाही. खिशातला चुरगळलेला कागद काढून त्याने तिला दाखवला. डॉक्टरांचं अक्षर तिला वाचता येईना, तेव्हा त्यानेच वाचलं: चार मिनिटांनी काही बिघडलं नाही.

"पण बिघडलं असतं तर?" सेन्याने विचारलं.

बघा ही पोर! मोठी माणसं तिथेच सुटकेचा श्वास सोडून उठली असती.

"तर चूक माझी होती," तो म्हणाला. "मी शिकवलं, अस्वलाने डोळे उघडले की हलायचं नाही. कधी हलायचं, ते... शिकवलंच नाही. मला सुचलंच नाही. तू मी शिकवलेलं केलंस. सगळ्यांत चांगलं केलंस. म्हणून चूक माझी. तुला भीती वाटली, ती बरोबर होती. तिचं ऐकायचं, हे मी सांगायला हवं होतं. तोंडाने. सरळ."

एवढं लांब तो मेपासून बोललाच नव्हता. जीभ दुखायला लागली होती. सेन्याने बाहीला नाक पुसलं. ती अजून त्याच्याकडे बघत नव्हती, पण तिने पट्टा काढला.

मैदानावर त्याने पोरींना गोळा केलं आणि नवा नियम सांगितला. सतरा वर्षांतला पहिला धडा, जो त्याने खेळात न लपवता तोंडाने सांगितला. कुठल्याही खेळात, कुणालाही, काहीही वेगळं वाटलं, तर 'खेळ बंद' ओरडायचं. बाद झालेलीनेही ओरडायचं. कुणी बाद होणार नाही, कुणी हसणार नाही. सगळ्यांनी थांबायचं, आणि ओरडणारीकडे तो स्वतः जाईल.

"अरे, दर मिनिटाला ओरडतील या!" गॉर्ड म्हणाला.

"ओरडू दे."

खेळ साधाच होता, चोर-पोलीस. सेन्या खेळली नाही. रेषेवर उभी राहिली, चेंडू पायापासून हातभर लांब. दोन मिनिटं झाली असतील.

"खेळ बंद!"

पोरी थांबल्या. रेइनो काठी टेकत, पाय ओढत मैदानाच्या पार टोकाला गेला. "काय झालं?"

"काही नाही," सेन्या बुटांना म्हणाली.

"बरं," म्हणून तो परत गेला. खेळ सुरू झाला. मधल्या वर्तुळापर्यंत पोचतोय तोच, "खेळ बंद!" तो पुन्हा वळला. पुन्हा काही नाही. तिसऱ्यांदा, चौथ्यांदा. ओडेटने कपाळावर हात मारून घेतला. पाचव्या वेळी तो घामाने निथळत होता आणि उजवा पाय लाकडाचा झाला होता. कुठल्यातरी गाडीने वैतागून हॉर्न वाजवला, लांबलचक. रेइनो थबकला. गॉर्ड तरातरा त्या गाडीशी गेला, काचेवर मूठ आपटली आणि म्हणाला, "हात काढ त्याच्यावरून. काढ म्हणतो ना!" परत येताना त्याचे डोळे लाल होते, आणि तो कुणाकडे बघत नव्हता.

"काय झालं?" रेइनोने पाचव्यांदा विचारलं.

"काही नाही."

"बरं."

तो वळला. शंभर पावलं होती, त्याला हजार वाटली. मधोमध पोचून त्याने गुडघ्यांवर हात टेकले आणि श्वास घेतला. पाय थरथरत होता. आता तो पडला तर काय, हा विचार त्याच्याही मनात आला. आणि तो घाबरला, खरोखरच.

"खेळ बंद!"

पोरी थांबल्या, तळपाय चेंडूवर. रेइनो वळायला लागला.

"तुम्ही तिथेच थांबा!" सेन्या ओरडली. "या वेळी मी येते."

तिने रेषा ओलांडली. चेंडू मागेच राहिला. थांबलेल्या पोरींच्या मधून ती आली, आधी चालत, मग पळत, आणि त्याच्यापासून दोन पावलांवर उभी राहिली. तिने मान वर केली. त्याचा चेहरा नीट निरखला, आधी डावीकडून, मग उजवीकडून, ओठांचे कोपरे, डोळे.

"काहीतरी बोला," ती म्हणाली.

"काय बोलू?"

"काहीही. मला ऐकायचंय."

रेइनोने जीभ जुळवली. "मीठ दे," तो म्हणाला. शब्द अगदी स्वच्छ आले.

सेन्याने मान डोलावली. आणखी एकदा त्याच्या तोंडाकडे बघून खात्री करून घेतली. मग पोरींकडे वळून ओरडली, "ठीक आहेत ते! खेळा!" आणि आपला चेंडू आणायला पळाली.